चिपिंग कॅम्डेन ते ब्रॉडवे चालत कसं जायचं

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात एकच दिवस हातात असेल तर हाच वॉक करा, साधारण 10 किमी आहे आणि खूप सुंदर आहे. लंडनच्या पॅडिंग्टनवरून मोरटन-इन-मार्शची ट्रेन पकडायची, तिथून बसने चिपिंग कॅम्डेन, पण बस कमी असतात म्हणून परतीचं टायमिंग आधीच बघून ठेवा, रविवारी तर नक्कीच.

कॅम्डेनमध्ये घाई करू नका. 1627 चा मार्केट हॉल बघा, मधासारख्या पिवळ्या दगडाचा, आत उभं राहिलं की पायाखाली झिजून खालीवर झालेली फरशी जाणवते. लोकरीच्या व्यापाराने हे गाव श्रीमंत झालं, सेंट जेम्स चर्च बघितलं की किती ते लगेच कळतं.

मग कॉट्सवोल्ड वे ही लांब पायवाट धरायची, खांबांवर अ‍ॅकॉर्नची (ओक झाडाच्या फळाची) खूण दिसेल तिच्या मागे जायचं, डोव्हर्स हिलवरून पुढे ब्रॉडवे टॉवर आणि मग थेट खाली ब्रॉडवे गावात. हा उतार पाऊस झाला की भयंकर निसरडा होतो, चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच, साधे स्पोर्ट्स शूज नको.

वाट शेतांमधून जाते, ती लोकांची खाजगी शेतं आहेत पण चालायचा हक्क सगळ्यांना आहे, म्हणून फाटक उघडलं की परत लावा प्लीज, मेंढ्या बाहेर जातात. वासरांसोबत गाई दिसल्या तर लांबून वळसा घालून जा. मोबाईलला रेंज जाते, मॅप डाउनलोड करून ठेवा.