ट्यूब अ‍ॅम्प कसा सांभाळावा, आणि नव्या ट्यूब्जचा बायस कसा लावावा

ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, घेतला की सल्ले फुकट मिळतात. अर्धा तास स्टँडबायवर (ट्यूब्ज तापतात पण आवाज बंद, अशा स्थितीत) तापवा, काचेला बोट लावू नका, दरवर्षी सगळ्या ट्यूब्ज बदला. यातलं काहीही करायची गरज नाही. बोट न लावण्याचा नियम हॅलोजन दिव्यांचा, तो कुणीतरी इकडे आणून चिकटवलाय. स्टँडबायवर एक मिनिट पुरे. तासन्‌तास स्टँडबायवर ठेवून ट्यूबचं आयुष्य वाढत नाही. करंट न वाहता नुसता कॅथोड (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा ट्यूबमधला भाग) तापत राहिला तर उलट ती बिघडते. जेवायला उठायचं असेल तर अ‍ॅम्प सरळ बंद करा.

रोजच्या वापरात एकच गोष्ट कधी म्हणजे कधीच करायची नाही: स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करणं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड मिळाला नाही की त्यात प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मर आतून जळतो. तो बदलायचा खर्च ऐकून लोक अ‍ॅम्पच विकायला काढतात. स्पीकरचे ओहम अ‍ॅम्पच्या आउटपुटशी जुळवा: ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये ४ होतात, सिरीजमध्ये १६. जोडायला स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नव्हे.

अमेरिकेतल्या भावाने आणलेला अ‍ॅम्प असेल तर आधी मागची पाटी वाचा. १२० व्होल्ट लिहिलंय तर आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावायचा नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पाटीवर लिहिलेल्या वीजखपतीच्या (आवाजाच्या वॅटच्या नव्हे) दुप्पट क्षमतेचा घ्या. ५० वॅटचा अ‍ॅम्प भिंतीतून ५० वॅट खेचत नाही, त्याच्या कितीतरी पट खेचतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० चा टॅप (त्या व्होल्टेजसाठीची वेगळी तार) असेल तर जाणकाराकडून जोडणी बदलून घेणं केव्हाही बरं. तेव्हा फ्यूजही निम्म्या अँपिअरचा लागतो, हे त्याला आठवण करून द्या.

ट्यूब कधी बदलायची? आवाज बसला, खालचे सूर पिठूळ झाले, किंवा ट्यूबमधली धातूची प्लेट लाल दिसू लागली की. काचेच्या आतला चकचकीत चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब टाकून द्या. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते.

प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या) छोट्या ट्यूब्ज, म्हणजे १२एएक्स७ उर्फ ईसीसी८३, काढायच्या आणि घालायच्या, बस. कुठली शिट्टी मारते ते शोधायला चालू अ‍ॅम्पमध्ये एकेकीवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. जी स्पीकरमधून घंटेसारखी वाजेल ती बदला. जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या डबीबंद ईसीसी८३ मिळाल्या तर सोडू नका.

खरं काम पॉवर ट्यूब्जचं

पॉवर ट्यूब्ज म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्यूब्ज, आणि बायस म्हणजे न वाजवता त्यांतून किती करंट वाहू द्यायचा त्याची जुळणी. वॉक्स एसी३०सारख्या कॅथोड बायसच्या, म्हणजे ही जुळणी आपोआप होणाऱ्या, अ‍ॅम्पमध्ये काही लावावं लागत नाही. पण मार्शलचे ५० वॅटवाले, फेंडरचे बहुतेक मोठे अ‍ॅम्प फिक्स्ड बायसचे असतात. तिथे ट्यूबच्या कंट्रोल ग्रिडला ऋण व्होल्टेज दिलेलं असतं, ईएल३४ या पॉवर ट्यूबला साधारण उणे ३५ ते ४०, आणि त्यावर ट्यूबमधून न वाजवता किती करंट वाहणार ते ठरतं. करंट कमी पडला तर आवाज खरखरीत, कोरडा. जास्त झाला तर ट्यूब भाजून निघते.

इथेच सगळ्यात जास्त बाष्कळ सल्ले मिळतात. ‘मॅच्ड पेअर घे, बायसची गरज नाही.’ साफ चूक. मॅच्ड म्हणजे त्या दोघी एकमेकींसारख्या, तुमच्या अ‍ॅम्पसारख्या नव्हेत. ‘कानाने लाव.’ कानाला छान वाटतं तिथे प्लेट बऱ्याचदा मर्यादेपलीकडे गेलेली असते. ‘अमक्याने ३८ मिलीअँप ठेवलाय, तूही ठेव.’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. त्या अमक्याच्या अ‍ॅम्पच्या प्लेटवर किती व्होल्ट होते? त्याच्या भिंतीत किती होते? बायसचा आकडा उसना घेता येत नाही. मीही बरेच दिवस या आकड्यांच्या मागे होतो. मीटर भिंतीच्या सॉकेटला लावून पाहिलं तेव्हा कुठे उलगडा झाला: संध्याकाळी सगळी सोसायटी एसी लावून बसते तेव्हा २२० च्या आसपास, मध्यरात्री २४५. प्लेटचं व्होल्टेज त्याच प्रमाणात वरखाली होतं.

पुढचं वाचण्याआधी एक इशारा. आत ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतात. यानेच माणसं मरतात. जिवंत सर्किटमध्ये मीटर धरायची सवय नसेल तर इथेच थांबा आणि अ‍ॅम्प टेक्निशियनकडे न्या. त्यात कमीपणा नाही. सवय असेल तर एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, आणि मीटरची काळी पिन क्लिपने चॅसिसला. अ‍ॅम्प बंद केल्यावर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा आणि मीटरवर शून्याजवळ आल्याचं पाहा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणाऱ्याच्या हातात मी माझा अ‍ॅम्प देणार नाही.

आता प्रत्यक्ष काम, ईएल३४ची जोडी धरून. स्पीकर जोडलेला. दोन्ही पॉवर ट्यूब्ज काढलेल्या. स्टँडबाय असेल तर स्टँडबायवरच ठेवा. अ‍ॅम्प चालू करून दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर ऋण व्होल्टेज येतंय का ते बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. एका सॉकेटवर ते आलं नाही, तर तिथे घातलेली नवी कोरी ट्यूब मिनिटभरात लालबुंद होईल आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या द्याल. काही अ‍ॅम्पमध्ये स्टँडबायवर बायसही बंद होतो; मग स्टँडबाय उघडून मोजा, पण झटपट, कारण ट्यूब्ज नसताना प्लेटचं व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढतं. दोन्हीकडे व्होल्टेज दिसलं की बायसचा पॉट (फिरवून व्होल्टेज बदलायचा छोटा नॉब) फिरवून ते जास्तीत जास्त ऋण करून ठेवा. म्हणजे सुरुवात सर्वांत थंड बायसपासून.

बंद करा, कपॅसिटर रिकामा करा, ट्यूब्ज घाला. कॅथोड आणि ग्राउंड (चॅसिस) यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर बसवलेला असला तर काम सोपं: जितके मिलीव्होल्ट, तितके मिलीअँप. नसला तर बायस प्रोब, म्हणजे ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसवून करंट मोजायचं साधन, घ्या. चालू करा, मिनिटभराने स्टँडबाय उघडा. व्हॉल्यूम शून्य. ३ नंबरच्या पिनवर प्लेटचं व्होल्टेज मोजा, ८ नंबरवर मिलीव्होल्ट.

समजा ४७० व्होल्ट आणि ३० मिलीअँप आले. गुणाकार १४.१ वॅट. ईएल३४ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट सोसणारी, म्हणजे ५६ टक्के. पॉट थोडा फिरवला, करंट ३७ झाला. आता पुन्हा ४७० ने गुणू नका. करंट वाढला की व्होल्टेज खाली येतं, ते परत मोजा. ४६० आलं तर १७ वॅट, ६८ टक्के. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीनचेही (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) चार-दोन मिलीअँप असतात, ते मी वजा करत नाही. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

७० टक्के ही कमाल मर्यादा आहे, तिथवर पोचलंच पाहिजे असं नाही. मी ६० ते ६५ वर थांबतो, आणि भिंतीत २४० च्या वर असताना मोजलं असेल तरच थोडा वर जातो. वीस मिनिटं तापू द्या, परत मोजा. दोन ट्यूब्जमध्ये दोन-तीन मिलीअँपचा फरक चालतो. मग भिंतीचं व्होल्टेज, प्लेटचं व्होल्टेज आणि दोन्ही करंट चिकटपट्टीवर लिहून चॅसिसच्या आत लावा, तारखेसह. पुढच्या वेळी अर्धं काम झालेलं असेल. शेवटी खोलीतला दिवा मालवून प्लेटकडे बघा: राखाडीच दिसली पाहिजे. लाल ठिपका दिसला तर तत्क्षणी बंद.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, अ‍ॅम्प आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा. त्याची स्वतःची उष्णता दमट हवा बाहेर काढते. गरम अ‍ॅम्पवर प्लॅस्टिक टाकू नका, आणि थंड झाल्याशिवाय गाडीत चढवू नका. सॉकेटच्या पिनांना वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा, स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसून हळू उडणारा) असेल तर स्लो-ब्लोच घाला. पुन्हा उडाला तर पॉवर ट्यूब्ज काढून बघा. मग टिकला तर दोष ट्यूबमध्ये किंवा बायसमध्ये आहे. तरीही उडालाच तर ट्रान्सफॉर्मर किंवा रेक्टिफायर बघावा लागेल, आणि ते काम घरी करायचं नाही.