इतिहासाचं पुस्तक मधूनच उघडा

घरीच शिकणाऱ्या मुलासाठी इतिहासाचं पुस्तक निवडताना मुखपृष्ठ आणि प्रस्तावना सोडून द्या. मधलंच कुठलंतरी पान उघडा आणि दोन पानं मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. “मग पुढे काय झालं?” असं आलं, तर पुस्तक ठेवून घ्या. तुम्हालाच जांभई आली तर प्रश्नच मिटला.

‘जगाचा संपूर्ण इतिहास’ छापाचे जाडजूड ग्रंथ संदर्भाला बरे, वाचायला नाहीत. एकच घटना, एकच शहर किंवा एकच माणूस घेणारं पुस्तक मुलाला धरून ठेवतं. उदाहरणार्थ पाँपेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा रोमन लेखक धाकटा प्लिनी सतरा वर्षांचा होता आणि पुढे त्याने तो प्रसंग पत्रांत लिहिला. अशा पत्रांचे उतारे देणारं पुस्तक नुसत्या वर्णनापेक्षा केव्हाही सरस.

लेखक “असं असावं” आणि “असं होतं” यांत फरक करतो का, हेही बघा. उद्रेक ऑगस्टमध्ये झाला असं पूर्वी सर्रास छापलं जाई. २०१८ मध्ये तिथे कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरची नोंद सापडली आणि त्या तारखेवर मोठं प्रश्नचिन्ह लागलं. जुनं आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून ही तफावत मुलालाच शोधू द्या. (मला तरी हा खेळ सनावळ्या पाठ करण्यापेक्षा फार मोलाचा वाटतो.)

नकाशा हवाच. आणि मोठ्या मुलाला चित्रांचं पुस्तक दिलं म्हणून काही बिघडत नाही.