पॉलिअ‍ॅनिलिनच्या नॅनोपावडरचा ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) कसा घ्यावा
हे वीज वाहणारं पॉलिमर; ईएसआरमध्ये चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून त्यातल्या एकट्या इलेक्ट्रॉनची रेषा टिपतात. पावडर नळीत ठासून भरू नका. वाहक नमुना मायक्रोवेव्ह खातो आणि कॅव्हिटी (नमुना ठेवायची मायक्रोवेव्हची पोकळी) ट्यूनच होत नाही. 1 भाग पावडर 20 भाग कोरड्या अ‍ॅल्युमिनात खलून 4 मिमीच्या क्वार्ट्झ नळीत भरा. साधी काच नको, तिच्यातलं लोह g (रेषेची जागा सांगणारा आकडा) 4.3 जवळ स्वतःची रेषा दाखवतं.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, निभून जातं. पावसाळ्यात मात्र पावडर ओल धरते, म्हणून व्हॅक्यूम देऊनच नळी सील करा. ऑक्सिजनने रुंदावणारी रेषाही त्याने आटोक्यात राहते. फार तापवू नका, एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) उडून डोपिंग (पॉलिमरला वाहक करणारं आम्ल) उतरतं.

मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राला दिलेली छोटी थरथर) रेषारुंदीच्या तिसऱ्या हिश्शाखाली ठेवा. g मोजायला डीपीपीएच हे g माहीत असलेलं प्रमाण संयुग (2.0036) लावा. रेषेचं वरचं टोक खालच्यापेक्षा ठळक उंच दिसलं, तर तो डायसोनियन आकार (मायक्रोवेव्ह वाहक कणाच्या आतपर्यंत न पोचल्याने येणारी असमान रेषा): गुठळ्या राहिल्यात. पुन्हा खला.