जहाजाचा जुना बॅरोमीटर घेताना: पितळ शेवटी, काटा आधी

अलंगच्या ‘खाड्यां’त, म्हणजे जहाजांतून निघालेला माल विकणाऱ्या दुकानांत, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं उपकरण) हातात आला की बडोदेकर आधी तो किती जड आहे ते बघतो आणि मग घासल्यावर कसा चमकेल ते. दोन्ही गोष्टी घरी आल्यावरही बघता येतात. काटा मात्र तिथेच तपासायला हवा.

आधी मालाबद्दल. भावनगरच्या पुढे सुमारे 50 किलोमीटरवरच्या या किनाऱ्यावर 1983 पासून जहाजं तुटतात. तिथे येणारी बहुतेक जहाजं काही दशकं जुनी असतात. त्यामुळे अस्सल माल म्हणजे जहाजावर खरंच वापरलेली, पण अलीकडची वस्तू: सेस्ट्रेल, बारिगो, लुफ्ट असली कंपन्यांची नावं, मिलिबारची (दाबाचं एक माप) तबकडी, मागे स्क्रूची भोकं, कडेला रंगाचे ओघळ. ‘लंडन 1885’ असं ठसठशीत कोरलेला चकचकीत नग दिसला तर तो शोभेचा समजा. ‘केल्विन अँड ह्यूजेस 1917’ असं लिहिलेलं तर हमखास बनावट, कारण या दोन कंपन्या एकत्र आल्या 1947 मध्ये. कडेला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर पितळेचा नुसता मुलामा आहे. (मधोमध लावू नका, आतलं पोलाद ओढतं आणि उगाच शंका येते.)

आता काटा. अ‍ॅनेरॉइड बॅरोमीटरच्या पोटात हवा काढून घेतलेली पत्र्याची चपटी डबी असते. हवेचा दाब वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते. ही हालचाल तरफा आणि एक बारीक साखळी काट्यापर्यंत नेतात. तपासायला सोबत जाड, पारदर्शक झिपची पिशवी न्या. बॅरोमीटर आत ठेवा, पिशवीत हवा राहू द्या, तोंड बंद करा आणि दोन्ही तळव्यांनी हळू दाबा. काटा जास्त दाबाकडे सरकला पाहिजे आणि हात सोडताच परतला पाहिजे. अजिबात हललाच नाही आणि तबकडीवर ‘स्टॉर्मी’ (वादळी) लिहिलेल्या कमी दाबाच्या टोकाला पडून असेल तर डबी गळली आहे. ती दुरुस्त होत नाही, दुसरी बसवावी लागते, आणि तेवढा खर्च सहसा परवडत नाही. उपकरण तिरकं केल्यावर काटा सैल झोके घेत असेल तर साखळी सुटली किंवा तुटली आहे. हे घड्याळजी करू शकतो. भाव मात्र त्या हिशेबानेच द्या.

घरी आणल्यावर खरी परीक्षा. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी दहाच्या आसपास उच्चांक, दुपारी चार-साडेचारला नीचांक. बडोद्यात हा फरक साधारण 3 ते 4 हेक्टोपास्कल (म्हणजे तेवढेच मिलिबार), आणि इंचाच्या तबकडीवर, जिथे दाब पाऱ्याच्या उंचीत मोजतात, इंचाच्या दहाव्या भागाएवढा. तीन दिवस दोन्ही वेळा काचेवर बोटाच्या टोकाने हलकेच टिचकी मारा आणि आकडा वहीत टिपा. हा चढउतार दिसला तर उपकरण जिवंत आहे. दिसला नाही, तर साखळीत धूळ-तेल चिकटलेलं असतं. खलाशीही याच चढउताराची वजाबाकी करून बघत: त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा दाब 3 हेक्टोपास्कलने उतरला तर वादळाचा संशय, 5 ने उतरला तर जवळजवळ खात्री.

जुळवणीसाठी विमानतळाच्या हवामान-अहवालातला समुद्रसपाटीचा दाब घ्या. तबकडी इंचाची असेल तर त्या आकड्याला 33.86 ने भागा. मागच्या छोट्या भोकातला स्क्रू पातळ पेचकसाने किंचित फिरवा, टिचकी मारा, काटा स्थिरावू द्या, मग पुढचं. बडोदं समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने तिथला प्रत्यक्ष दाब आणि हा आकडा यांत फरक साधारण 4 हेक्टोपास्कलचाच पडतो. इंदूरच्या भाच्याला हीच वस्तू भेट द्यायची असेल तर मात्र अवघड: ते शहर सुमारे 550 मीटरवर, म्हणजे काटा जवळजवळ दोन इंच खाली. 28 ते 31 इंचांची तबकडी तिथे एका कोपऱ्यात जाते, आणि स्क्रूने एवढं ओढलं तर स्प्रिंगवर ताण येतो. तिथे 26 पासून सुरू होणारी तबकडी शोधा. याच कारणासाठी बॅरोमीटर घेऊन पावागडावर जाऊ नका.

तबकडीवरचे ‘रेन’, ‘चेंज’, ‘फेअर’ हे शब्द विलायतेच्या हवेचे आहेत. आपल्याकडे जूनच्या रखरखीत उन्हातही काटा ‘चेंज’जवळ असतो. शब्द सोडा, काटा चढतोय की उतरतोय ते बघा.

साफसफाईत सर्वात जास्त नुकसान आपल्याच घरात होतं. चिंच, पितांबरी, पॉलिश हे फक्त बाहेरच्या पितळेला, आणि तेही कापडावर घेऊन. तबकडीवरचा चांदीचा थर इतका पातळ असतो की दोन वेळा घासला की खालचं पिवळं पितळ दिसतं आणि अक्षरांतला काळा भराव निघतो. तिला कोरडा मऊ ब्रश पुरे. अमोनियाचे क्लीनर लांब ठेवा: इंग्रजी राजवटीत पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांचं पितळ अमोनियानेच तडकत असे. आत स्प्रेचं तेल कधीच मारू नका.

पाऱ्याचा लांब बॅरोमीटर सुरुवातीला टाळाच. नळी फुटली तर सांडलेल्या पाऱ्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. खिडक्या उघडा, बांगड्या-अंगठ्या काढा, थेंब ताठ कागदाने गोळा करून झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा.

वस्तू 100 वर्षांहून जुनी निघाली तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो: ती परदेशी पाठवता येत नाही आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. पावती मागा. टांगताना पश्चिमेची भिंत आणि एसीचा झोत टाळा.