मागचे शॉकॲब्सॉर्बर घरी बदलताना

गगनबावड्याकडचा पाऊस आणि ऊसगाड्यांनी उखडलेले रस्ते, त्यामुळे कोल्हापूरच्या गाड्यांच्या शॉकचे खालचे बोल्ट हमखास गंजलेले मिळतात. आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. शॉकवर नुसता ओलसर थर असेल तर चालतं, तेल ओघळत असेल तर बदलायची वेळ झाली. बदलताना डावा-उजवा जोडीनंच.

पुढच्या चाकांना दगड लावा, मागून गाडी जॅक स्टँडवर (गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी घोड्यांवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. दुसरा जॅक ॲक्सलखाली (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) हलकेच टेकवा, मगच खालचा बोल्ट काढा. नाहीतर ॲक्सल धपकन खाली येतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी.

वरचा नट फिरवताना शॉकचा रॉडही फिरतो. रॉडचं टोक पान्यानं धरा. चकचकीत भागाला पक्कड लावली की ओरखडा पडतो आणि तेल अडवणारं सील लवकरच गळायला लागतं. नवा शॉक बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, आतली हवा निघते.

इथं बरेच जण चुकतात: खालचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पक्का आवळतात. मग गाडी खाली आली की रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आधी हातानं लावा, ॲक्सल जॅकनं नेहमीच्या उंचीला आणा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा.

पुढचे स्ट्रट (स्प्रिंगसकट बसवलेले शॉक) मात्र उद्यमनगरात गॅरेजला नेऊन करून घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल.