माटुंग्यात दोघांनी डोसा खायला जाताना

रविवारी सकाळी नऊनंतर किंग्ज सर्कलच्या आसपासच्या उडप्यांकडे दाराशी रांग असतेच. पोचल्या पोचल्या नाव द्यायचं, गप्पा मग फुटपाथवर. चौघांच्या टेबलावर शेजारी अनोळखी जोडी बसवतील, हे धरूनच चाला.

बसलात की आधी रवा डोसा सांगून टाका. त्याचं पातळ पीठ तव्यावर पसरत नाहीत, वरून ओततात. जाळी पडून कुरकुरीत व्हायला वेळ लागतो. तोवर एक प्लेट इडली-वडा दोघांत पुरे. सांबार वेगळं मागा, बुडवून आलेला वडा बोलता बोलता लगदा होतो. (काहींना तोच आवडतो, त्यांच्याशी वाद नको.)

दोन डोसे एकदम मागवू नका. एक संपत आला की दुसरा, म्हैसूर मसाला. त्याला आतून लाल चटणी फासलेली असते, तेव्हा मित्राला तिखट चालतं का ते आधी विचारा. कडेचा कुरकुरीत भाग पहिल्यांदा संपवा; मधला भाजीच्या वाफेने तसाही मऊ पडतो.

शेवटी फिल्टर कॉफी, प्रत्येकी एक. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात दोन-तीनदा ओता, म्हणजे फेस येतो आणि जीभ पोळत नाही. साखर नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.