क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? मग आधी हे काम आतून कसं असतं ते बघा

सायकॉलॉजी शिकणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम कुठला कोर्स करू? मी आधी विचारते, का करायचंय? बहुतेकांचं उत्तर असतं की मित्रमैत्रिणी माझ्याकडेच येऊन मन मोकळं करतात, मला ऐकायला आवडतं. चांगलंच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण मैत्रिणीचं ऐकताना आपण तिची बाजू घेतो, सल्ला देतो, आणि इथे मात्र बायकोवर हात उचलणाऱ्या माणसाचंही तितक्याच लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि एखादं पोरगं अर्धा तास तोंडच उघडत नाही तेव्हा त्याच्यासोबत न वैतागता बसावं लागतं. माणूस असा का वागतो याचं खरंखुरं कुतूहल असेल तर तुम्ही टिकाल. सगळ्यांना वाचवायचंय म्हणून येणारे लवकर थकतात. आणि घरात कोणाचा आजार बघितलाय किंवा स्वतः त्यातून गेलाय म्हणून यायचंय, तर तेही अगदी खरं कारण आहे, फक्त आधी स्वतःसाठी थेरपी घ्या, नाहीतर समोरच्याच्या गोष्टीत तुम्हाला तुमचीच गोष्ट दिसत राहील.

आता कोर्सचं बघू. नुसतं एम.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं. इतकी वर्षं त्याचा मुख्य रस्ता दोन वर्षांचं फुलटाइम एम.फिल. हा होता, पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्याला २०२५-२६ च्या ॲडमिशनपर्यंतच मुदत दिली होती आणि आता त्या जागी नवीन कोर्स येतायत. म्हणून फी भरायच्या आधी आरसीआयच्या साइटवर तीन गोष्टी बघाच : संस्थेचं नाव, कोर्सचं नाव, मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे. कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका. डिस्टन्सने सायकॉलॉजी करायचा विचार असेल तर तोही सोडा, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने ते बंद केलंय.

नातेवाईक विचारतीलच म्हणून हेही सांगून ठेवते, गोळ्या सायकॅट्रिस्ट लिहितात, ते एमबीबीएस करून पुढे त्यात शिकलेले डॉक्टर असतात. आपलं काम म्हणजे हिस्ट्री, टेस्टिंग, थेरपी, आणि या सगळ्याचं लिखाण, जे भरपूर असतं.

यात सगळ्यात आधी शिकायची ती हिस्ट्री, म्हणजे पेशंटला विचारून त्याची सगळी माहिती घेणं. ओपीडीत बाई येते, म्हणते छातीत धडधडतं, डोक्यात मुंग्या येतात, सासरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. केसपेपरवर पटकन अँक्झायटी लिहून मोकळं व्हायचं नाही, तिची तक्रार तिच्याच शब्दात उतरवायची आणि मग विचारत जायचं, कधीपासून होतंय, दिवसातून किती वेळा, त्या वेळी घरात काय चाललेलं असतं, झोप, भूक, पाळी, थायरॉइड तपासलंय का, आधी कुठे कुठे दाखवलं. या 'कुठे कुठे'मध्ये देवऋषीपण येतो आणि ते सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जराशी नाराजी दिसली तरी ती पुढचं काही सांगणार नाही. मरावंसं वाटतं का, कसं करायचं ते ठरवलंय का, हेही सरळ विचारायला शिका. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. हे प्रश्न मराठीत, साध्या शब्दात, घरी मोठ्याने बोलून बघा, कारण आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो आणि पेशंटसमोर बसल्यावर शब्दच सापडत नाहीत.

टेस्टिंगमध्ये घाई अजिबात नको. मुलांच्या आयक्यूसाठी बिने-कामत किंवा नागपूरच्या मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली टेस्ट वापरतात, दिव्यांग सर्टिफिकेट देताना हा आकडाही बघतात, म्हणजे पुढच्या सवलती, शाळा, सगळंच त्याच्याशी जोडलेलं. पोरगं पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आलं असेल तर आधी त्याला खाऊ घाला, नाहीतर कागदावर येणारा आकडा त्याच्या भुकेचा असतो. आईवडिलांना रिपोर्ट समजावताना त्याला काय येत नाही ते सांगून थांबू नका, काय येतं आणि पुढे काय शिकवता येईल तेही सांगा, कारण त्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्यांच्याशी इतकं सविस्तर बोलणारं बहुतेकदा कोणी नसतं.

थेरपी हळू चालते. ओसीडीचंच घ्या, म्हणजे नको असलेले विचार सारखे येतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते तो आजार. हात धुतल्याशिवाय राहवत नाही अशा माणसासोबत बसून भीतीची यादी करायची, सगळ्यात सोप्यापासून सुरुवात, दाराची कडी पकडायची आणि हात न धुता बसायचं, अस्वस्थपणा वाढतो, मग आपोआप ओसरतो, हे त्याने स्वतः अनुभवायचं. घरच्यांनापण शिकवायचं की सारखं 'काही नाही झालं' म्हणून धीर देत बसू नका, त्याने आजाराला खतपाणी मिळतं. आठवडेच्या आठवडे काही हलत नाही आणि मग एक दिवस तो सांगतो की मी बसमध्ये दांडा पकडून उभा राहिलो. मी या कामात आहे ती या वाक्यांसाठी, पगारासाठी थांबावं असा पगार सुरुवातीला तरी नसतो.

काही जण मधेच येणं बंद करतात, का ते कळतही नाही. अशा केस घरी घेऊन जाऊ नका, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपलं काम बघणाऱ्या अनुभवी सीनियरशी बोला, आणि फक्त तिथेच. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, नाव बदलून मैत्रिणीला किस्सा सांगणंसुद्धा नको.

कोर्सआधी जमलं तर महिनाभर एखाद्या सायकॅट्री ओपीडीत बसायची परवानगी काढा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आपल्या विभागप्रमुखांचं पत्र घेऊन विचारा. मधे एकदाही बोलू नका, फक्त बघा, आणि संध्याकाळी स्वतःला विचारा की उद्या परत यावंसं वाटतंय का.